पातेलं, फडकं आणि पाच हजार कोटी कामगार

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर ‘बिग ब्रूस्की’सारखी मायक्रोब्रुअरी आहे. अशा कुठल्याही ठिकाणी गेलं की स्टीलच्या टोलेजंग टाक्या, नळ्यांचं जाळं आणि तापमानाचे आकडे बघून वाटतं, बिअर करणं हा इंजिनिअर लोकांचा मामला आहे. खरं तर त्या टाक्यांत घडणारी प्रत्येक गोष्ट दहा लिटरच्या पातेल्यात, चक्का बांधायच्या फडक्यात आणि काचेच्या बरणीत घडू शकते. टाक्यांमुळे माल जास्त निघतो आणि चव दर वेळी तीच राहते, एवढंच. बिअर करणारे दोघे वेगळेच आहेत: मोड आलेलं धान्य आणि यीस्ट. पैकी पहिल्याशी मराठी घराची जुनी ओळख आहे. नातवंडासाठी नाचणीला मोड आणून सत्त्व करणारी आजी बिअरच्या वाटेवर निम्मं अंतर चालून आलेली असते.

उरलेलं निम्मं अंतर घरी चालायला कर्नाटकात कायद्याची आडकाठी आहे. त्याकडे येऊच. आधी वाट तर बघू.

कुठलंही धान्य घ्या, त्याचा मोठा भाग म्हणजे पिष्ट, म्हणजेच स्टार्च. ग्लुकोजचे शेकडो-हजारो मणी ओवलेली ही माळ. कोंब जमिनीवर येऊन पानांवर ऊन घेईपर्यंत रोपानं याच साठ्यावर जगायचं असतं. गंमत अशी की पिष्ट गार पाण्यात विरघळत नाही. विरघळत नाही म्हणून ते वर्षभर कणगीत टिकतं, आणि विरघळत नाही म्हणूनच इवल्या अंकुराला ते खाता येत नाही. पाणी मिळालं की अंकुर जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. ते दाण्याच्या सालीखालच्या पातळ थरापर्यंत पोचतं आणि तिथल्या पेशी अमायलेज ही विकरं तयार करायला लागतात. विकरं माळ कापतात, तुकड्यांची साखर होते, साखर विरघळते आणि अंकुराचं जेवण सुरू होतं. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असलेल्या नाचणीच्या दाण्यात हा सगळा निरोप आणि त्यावरची कारवाई दोन दिवसांत पार पडते.

माल्ट करणं म्हणजे दाण्याला ऐन वेळी थांबवणं. विकरं तयार झाली आहेत, पण साठा अजून फारसा खर्च झालेला नाही, अशा बेताला दाणा वाळवायचा. उशीर झाला तर साखर रोपाच्या पोटात जाते. घाई केली तर विकरं कमी पडतात. बार्लीला भिजवण्यापासून अंकुरण्यापर्यंत पाच-सहा दिवस लागतात. नाचणीला रात्रभर भिजणं आणि मग ओल्या फडक्यात दोनएक दिवस पुरतात. नंतर ती वाळवायची, मोड चोळून पाखडायचे, मंद आचेवर भाजायची आणि दळायची. भाजताना हात राखावा लागतो. खमंग वासाच्या मोहात जास्त भाजली तर विकरं नष्ट होतात.

सर्जापूर रोड यासाठी मोक्याच्या जागी आहे. विप्रोचं आवार आणि त्यापुढचे उंच टॉवर मागे टाकून दोम्मसंद्र्याच्या पुढे, सर्जापूर गावाकडे निघालं की आनेकल तालुक्यात अजून मधूनमधून रागीची शेतं लागतात. रागी म्हणजे आपली नाचणी. ती मूळची पूर्व आफ्रिकेतली, काही हजार वर्षांपूर्वी इकडे आली आणि इथलीच झाली. कर्नाटकातल्या मंड्याच्या संशोधन केंद्रात लक्ष्मणय्या या शास्त्रज्ञांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर केला. त्यातून निघालेल्या जातींना ‘इंडियन’ आणि ‘आफ्रिकन’ जोडून ‘इंडाफ’ हे नाव मिळालं. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेत मल्लेशी आणि देसिकाचार यांनी भरड धान्यांच्या माल्टचा बारकाईनं अभ्यास केला, आणि माल्टसाठी नाचणी उजवी ठरली. युगांडात हिच्याच माल्टची ‘अजोन’ नावाची बिअर होते. मध्ये मडकं ठेवून मंडळी भोवती बसतात आणि लांब नळ्यांनी ती पितात. सिक्कीममध्ये हिची तोंग्बा होते. बंगळूरमध्ये मात्र हीच मोड आलेली नाचणी ‘रागी माल्ट’ म्हणून सकाळी पेल्यातून समोर येते, आणि 2024पासून कर्नाटकातल्या सरकारी शाळांमध्ये मुलांना दुधातून दिली जाते.

विकरांचा प्रताप बघायला प्रयोगशाळा नको. तांदळाच्या पिठाची पेज इतकी घट्ट शिजवा की चमचा तीत उभा राहील. गॅस बंद करून ती 65 ते 70 अंशांवर येऊ द्या. आता मोड आणून वाळवलेल्या, न भाजलेल्या नाचणीचं पीठ एक चमचा घाला आणि ढवळत राहा. काही मिनिटांत पेज सैल पडते, मग चक्क पातळ होते. पाणी एक थेंबही घातलेलं नाही. माळा कापल्या गेल्या, एवढंच घडलं. खात्री करायची असेल तर माल्ट घालण्याआधीच्या आणि अर्ध्या तासानंतरच्या पेजेचा एकेक थेंब बशीत घेऊन त्यावर पातळ केलेलं टिंक्चर आयोडीन टाका. पहिला निळा-काळा होईल, दुसरा बराच फिका राहील. आयोडीनचा रंग लांब माळांवरच चढतो. बशीतलं फेकून द्यायचं. उरलेली पेज एक उकळी आणून चाखली तर साखर न घालताही गोडसर लागते.

या साध्या गोष्टीनं बालपोषणातला एक पेच सोडवला. बाळाचं पोट लहान. पेज पातळ दिली तर पोट भरतं पण अंगी लागत नाही, घट्ट दिली तर बाळाला गिळता येत नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात दाखवून दिलं की थोडंसं माल्टचं पीठ घातलं की घट्ट पेज पातळ होते आणि तिच्यातली ताकद तेवढीच राहते. ब्रुअरी जिच्यावर चालते ती हीच रासायनिक क्रिया.

ब्रुअर हे सगळं बार्लीवर करतो. चार लिटर बिअरसाठी साधारण 900 ग्रॅम भरडलेलं बार्लीचं माल्ट लागतं. ते फडक्यात सैल बांधून गरम पाण्यात सोडतात आणि पाणी तासभर 66-67 अंशांवर राखतात. या तासात थर्मामीटरइतकं महत्त्वाचं दुसरं हत्यार नाही, कारण विकरं दोन जातींची आहेत. बीटा-अमायलेज माळेच्या टोकाकडून दोन-दोन मणी तोडत जातं. त्याला 62 ते 65 अंश मानवतात. अल्फा-अमायलेज मिळेल तिथे घाव घालतं आणि 70च्या आसपास जोरात असतं. पातेलं 63 अंशांवर ठेवलं तर जवळजवळ सगळ्याची यीस्टला पचणारी साखर होते आणि बिअर हलकी, कोरडी लागते. 69वर ठेवलं तर न पचणारे मोठे तुकडे मागे राहतात आणि बिअर जड, गोडसर होते. त्याच धान्यापासून, त्याच पाण्यात, सहा अंशांच्या फरकानं दोन वेगळी पेयं. 78च्या वर गेलात तर विकरं संपली आणि कामही थांबलं.

पाण्याचा विषय सर्जापूर रोडवर निघाला की गाडी टँकरवरच येते. इथल्या असंख्य सोसायट्या बोअरवेल आणि टँकरवर जगतात, आणि बोअरचं पाणी बहुधा जड असतं. बिअरच्या इतिहासात पाण्यानंच गावांचं नशीब ठरवलं आहे. चेक प्रदेशातल्या पिल्सेनचं पाणी अतिशय मृदू, म्हणून तिथे फिकी सोनेरी पिल्सनर जन्मली. डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर. काळपट भाजलेल्या माल्टचा आंबटपणा त्याला तोलून धरतो, म्हणून तिथे काळी स्टाउट रुजली. या हिशेबानं सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये दोन्ही गावं एकाच ओट्यावर आहेत: टँकरचं जड पाणी डब्लिनच्या बाजूचं, आरओचं पाणी पिल्सेनच्या बाजूचं.

फडकं पिळून माल्ट बाजूला काढलं की पातेल्यात उरतो गोड, बार्लीच्या वासाचा रस. त्याला वर्ट म्हणतात. तो तासभर खळखळून उकळायचा आणि त्यात हॉप्सची वाळलेली फुलं घालायची. चार लिटरला आठ-दहा ग्रॅम पुष्कळ झाली. हॉप्सची वेल भांगेच्या कुळातली. युरोपातली ही वेल हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यातही पिकते. तिच्यातली आम्लं पाण्यात सहजी उतरत नाहीत. उकळताना त्यांच्या रेणूंची रचना बदलते, तेव्हा कुठे ती विरघळतात आणि कडूपणा येतो. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर असल्यानं इथं पाणी 97 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे मुंबईच्या मानानं हा बदल जरा सावकाश होतो. कडूपणाखेरीज हॉप्सचं आणखी एक काम आहे. अनेक जिवाणूंना हॉप्स वाढू देत नाहीत, आणि युरोपात ते रूढ होण्यामागे हे टिकाऊपण मोठं कारण होतं.

बव्हेरियात 1516 साली बिअरच्या शुद्धतेचं प्रसिद्ध फर्मान निघालं. बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांशिवाय काही घालायचं नाही, असा त्याचा हुकूम. त्या यादीत यीस्ट नाही. यीस्ट हा बिअर घडवणारा सजीव आहे हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. जुन्या बिअरचा गाळ नव्या रसात घातला की काम होतं, एवढं ब्रुअर जाणत होते. 1680मध्ये लेवेनहुकनं आपल्या भिंगातून बिअरमधले गोलक पाहिले, पण ते सजीव असल्याचं त्याच्या ध्यानात आलं नाही. 1830च्या दशकात फ्रान्समध्ये कान्यार-लातूर आणि जर्मनीत श्वान यांनी सांगितलं की हे गोलक जिवंत आहेत. त्यावर वोलर आणि लीबिग या दिग्गज रसायनशास्त्रज्ञांनी 1839मध्ये निनावी टिंगल छापली: सूक्ष्मदर्शकाखाली म्हणे बारीक प्राणी दिसतात, ते तोंडानं साखर खातात आणि मागून दारू सोडतात! थट्टेतला तपशील विनोदी होता, पण मूळ गोष्ट खरी निघाली. पाश्चरनं ती पक्की केली आणि 1876मध्ये बिअरवर अख्खा ग्रंथ लिहिला. पुढे 1897मध्ये बुखनरनं यीस्ट चिरडून नुसत्या रसानं किण्वन घडवून दाखवलं, तेव्हा विकरांचं रहस्य उघडं पडलं. त्यासाठी त्याला 1907चं नोबेल मिळालं.

उकळलेला रस झटपट 20 अंशांवर आणायचा. सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात पातेलं ठेवलं की भागतं. इथून पुढे रसाला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी, कारण गोड कोमट रस हे हवेतल्या प्रत्येक जंतूला आमंत्रण आहे. मग त्यात सुमारे तीन ग्रॅम कोरडं यीस्ट. एवढ्याशा चिमटीत सुमारे पाच हजार कोटी पेशी असतात. प्रत्येकीचा व्यास मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याहून कमी. पहिल्या काही तासांत त्या रसातला प्राणवायू वापरून वाढतात. मग बरणीला एअरलॉक लावायचा. आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर जाईल पण बाहेरची हवा आत येणार नाही, अशी ही पाणी भरलेली वाकडी नळी.

यीस्टचं वागणं शास्त्रज्ञांनाही बराच काळ कोड्यात टाकत होतं. प्राणवायू वापरून साखर पुरती जाळली तर त्याला कितीतरी जास्त ऊर्जा मिळेल. पण साखर मुबलक असली की प्राणवायू असतानाही ही जात अर्ध्यावर थांबते आणि दारू बनवते. हा उधळेपणा का? आज मानलं जाणारं उत्तर मोठं बेरकी आहे. पिकलेल्या फळावर शेकडो जंतूंची झुंबड असते. यीस्ट भराभर साखर गिळतं, आजूबाजूला दारू सोडून इतरांना नामोहरम करतं, आणि साखर संपल्यावर प्राणवायू मिळाला तर तीच दारू खाऊन टाकतं. एअरलॉक लावून माणूस त्याला हा शेवटचा घास नाकारतो.

हिशेबही मजेदार आहे. 180 ग्रॅम ग्लुकोजपासून 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, जवळजवळ निम्मंनिम्म. पावणेपाच टक्क्यांच्या एक लिटर बिअरमागे सुमारे वीस लिटर वायू सुटतो. म्हणजे चार लिटरची बरणी आठवडाभरात ऐंशी लिटरच्या आसपास वायू त्या नळीतून सोडते, म्हणूनच बरणीचं तोंड गच्च बंद करणं धोक्याचं. काम संपलं की नाही हे हायड्रोमीटर सांगतो. दुधातलं पाणी पकडणारा लॅक्टोमीटर त्याच तत्त्वावर चालतो. रसाची घनता सुरुवातीला 1.048 आणि शेवटी 1.012 असली, तर बिअरमध्ये साधारण 4.7 टक्के अल्कोहोल आहे. नंतर बाटलीत लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालून बूच लावतात. उरलेलं यीस्ट ती खातं, आणि या वेळी वायूला वाट नसल्यानं तो बिअरमध्येच मुरतो. साखरेचं माप चुकलं तर बाटली फुटू शकते.

चवही यीस्टचीच. गव्हाच्या बिअरमध्ये केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण आत केळं नसतं आणि लवंगही नसते. यीस्ट ती द्रव्यं स्वतः बनवतं, आणि 18 अंशांऐवजी 24 अंशांवर काम करायला लावलं तर बहुधा जास्त बनवतं. एल जातीच्या बिअरला 20 अंशांच्या आसपासचं तापमान रुचतं, त्यामुळे बंगळूरची हवा वर्षातले बरेच महिने तिला धार्जिणी असते. लागर मात्र थंडीत, दहा-बारा अंशांवर मुरते. तिचं यीस्ट दोन जातींचा संकर. त्यातली थंडी सोसणारी जात निसर्गात कुठे राहते हे कोडं 2011मध्ये सुटलं: ती सापडली दक्षिण अमेरिकेत, पॅटागोनियाच्या जंगलातल्या झाडांवर.

एवढं साधं काम, मग घरी का करू नये? कारण कर्नाटक अबकारी कायदा, 1965 परवान्याशिवाय मद्य बनवू देत नाही. महाराष्ट्रातही 1949च्या दारूबंदी कायद्याखाली तसंच. अमेरिकेत 1978च्या कायद्यानं दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर, घरगुती वापरासाठी करमुक्त बिअर करायची मुभा मिळाली. न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब गॅरेजमध्ये जे खुशाल करतं, तेच सर्जापूर रोडवर राहायला आल्यावर गुन्हा ठरतं. आपल्या परंपरेत मात्र याला जागा होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे, तांदूळ, पाणी आणि किण्व यांची मापं दिलेली पाककृती आहे, आणि कुटुंबांना घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा व औषधासाठी अरिष्ट करण्याची मोकळीकही आहे. सण-उत्सवात चार दिवसांची सवलत वेगळीच.

कायद्यामागची भीती खोटी नाही. 2015च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरहून अधिक माणसं मारली. पण तिथे घात केला तो मिसळलेल्या मिथेनॉलनं. धान्याच्या रसात यीस्ट टाकून, भट्टी लावून न गाळता केलेल्या बिअरमध्ये जीव घेण्याइतकं मिथेनॉल तयार होत नाही. आंबलेलं, उकळून हॉप्स घातलेलं हे पेय माणसाला आजारी पाडणाऱ्या बहुतेक जंतूंना मानवतही नाही. त्यात अल्कोहोल असतं, आणि अल्कोहोलचे तोटे बिअर घरची म्हणून कमी होत नाहीत. तरी पातेल्यातलं किण्वन आणि मिथेनॉलची भेसळ हे दोन वेगळे विषय आहेत, आणि कायद्यानं ते वेगळे धरायला हवेत.

तोवर बंगळूरकराला दुसरी सोय आहे. या शहराचं बिअरशी जुनं नातं. थॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थानं 1915मध्ये दक्षिणेतल्या ब्रुअरी एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज उभी केली. आज जिथे यूबी सिटीचे टॉवर आहेत तिथे पूर्वी कारखाना होता. पुण्यात 2009मध्ये ‘डूलाली’नं मायक्रोब्रुअरीची पायवाट पाडली, पुढच्याच वर्षी बंगळूरच्या इंदिरानगरमध्ये ‘टॉइट’ सुरू झालं, आणि आता हे शहर देशातल्या मायक्रोब्रुअरींचं मोठं केंद्र आहे.

तेव्हा वाचकहो, निम्मा रस्ता घरी चाला आणि निम्मा बाहेर. या आठवड्यात मूठभर नाचणीला मोड आणा, वाळवा, दळा आणि घट्ट पेजेवर तिचा एक चमचा टाकून बघा. घरातल्या मुलांना सोबत घ्या, कारण यात बेकायदा काहीच नाही. मग सर्जापूर रोडवरच्या एखाद्या मायक्रोब्रुअरीत दुपारी, गर्दी नसताना, फक्त मोठ्यांनी जा आणि ब्रुअरला विचारा: आज माल्ट किती अंशांवर ठेवलंत? हा प्रश्न विचारणाऱ्याला टाकी दाखवायला बहुतेक ब्रुअर आनंदानं उठतात.